सील बदलल्यावर गिअर अडतो आणि ऑइलही गळतं: आधी शेवटचे चार सूत तपासा

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. त्यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही ओघात लिहून गेलात, म्हणून आधी प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो. गाडी १९६० च्या दशकातली, इंजिन पुढे, ड्राइव्ह मागच्या चाकांना, गिअरबॉक्स चार गिअरचा. बेल हाउसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या घंटेसारख्या कवचाच्या, खालच्या भोकातून ऑइल टपकत होतं, म्हणून तुम्ही गिअरबॉक्स उतरवून पुढचं, म्हणजे इनपुट शाफ्टचं (इंजिनची फिरकी गिअरबॉक्समध्ये आणणाऱ्या दांड्याचं) सील बदललं आणि पुढच्या कव्हरचं पॅकिंगही नवीन टाकलं. परत चढवताना शेवटचा अर्धा इंच काही केल्या बसेना, तेव्हा बोल्ट आळीपाळीने आवळून गिअरबॉक्स ओढून घेतला. आता इंजिन बंद असताना चारही गिअर लोण्यासारखे पडतात. इंजिन चालू केलं की पहिला अडतो, रिव्हर्स करकरतो, क्लच पूर्ण दाबला की बारीक चीं-चीं येते. आणि दोनशे किलोमीटरच्या आत त्याच भोकातून पुन्हा ऑइल. तुम्ही विचारलंय: सील तिरकं बसल्यामुळे शाफ्ट सेंटरमधून गेला का, आणि पुन्हा सील बदललं तर सगळं सुटेल का?

दोन्हीला उत्तर 'नाही'. सील शाफ्टला धरत नाही. ती रबराची ओठासारखी कड आहे, मागे बारीक स्प्रिंग. शाफ्टला जागेवर ठेवण्याइतकी ताकद तिच्यात नसते, तशीच शाफ्टला जागेवरून हलवण्याइतकीही नसते. सील कितीही वाकडं बसलं तरी फार तर गळेल. मी ज्या ओळीबद्दल म्हणतोय ती ही: "बोल्ट आवळून ओढून घेतला." गिअर अडण्याचं मूळ मला तिथे दिसतं. गळतीचं मूळ मात्र बहुधा दुसरीकडेच आहे. तुम्ही दोन वेगळ्या दुखण्यांना एक समजताय, असा माझा अंदाज आहे, आणि त्याचं कारण पुढे हिशेबासकट सांगतो.

इनपुट शाफ्ट दोन ठिकाणी पेललेला असतो. मागे गिअरबॉक्सच्या पुढच्या भिंतीतलं बेअरिंग, आणि पुढे त्याचं बारीक टोक क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकात बसवलेल्या छोट्या बुशमध्ये, म्हणजे पायलट बुशमध्ये. मधल्या स्प्लाइनवर, म्हणजे शाफ्टच्या अंगावरच्या लांबट दात्यांवर, क्लच प्लेट सरकते. मागचं बेअरिंग गिअरबॉक्सचं आणि पुढचा बुश इंजिनचा. या दोन वेगळ्या वस्तूंची मध्यरेषा एक ठेवण्याचं काम करतात बेल हाउसिंगच्या डॉवेल पिना आणि इंजिन-हाउसिंगचे एकमेकांवर बसणारे सपाट चेहरे. बोल्ट फक्त दाबून धरतात. बोल्टाचं भोक बोल्टापेक्षा मोठंच असतं. दहाच्या बोल्टाला अकराचं भोक असेल, तर पिनांशिवाय गिअरबॉक्स सहज अर्धा मिलिमीटर खाली बसू शकतो, आणि पोलादी-लोखंडी वजन असल्यामुळे तो खालीच बसतो.

इथे एक भीती आधीच काढून टाकतो. गिअरबॉक्स खाली असताना शाफ्टचं टोक हाताने धरून हलवलं की ते हलतं. बऱ्याच जणांच्या पोटात तेव्हाच गोळा येतो. पण एकच बॉल बेअरिंग मागे आणि पुढे आधार नाही, अशा स्थितीत टोकाशी एखादा मिलिमीटर हेलकावा असणं बहुतेक जुन्या डब्यांत, म्हणजे गिअरबॉक्सांत, ठीकच असतं. पायलट बुश त्यासाठीच आहे. बेअरिंग तपासायचं असेल तर बेअरिंगच्या अगदी जवळ शाफ्ट धरा आणि वर-खाली उचलून पाहा. तिथे हाताला प्ले लागला, तर बेअरिंग गेलंय.

आता गिअरबॉक्स लगेच उतरवू नका. चढवलेल्या अवस्थेत जे कळतं ते उतरवल्यावर कळत नाही. पहिली चाचणी कानाची. इंजिन मंद चालू, न्यूट्रल, पाय क्लचवर नाही: या वेळी इनपुट शाफ्ट इंजिनबरोबरच फिरतो, म्हणून पायलट बुशमध्ये काही घासत नाही. आवाज येत असेल तर तो गिअरबॉक्सच्या पुढच्या भिंतीतल्या बेअरिंगचा किंवा लेशाफ्टचा, म्हणजे डब्यातल्या खालच्या जोड-शाफ्टचा. मग पेडल हलकेच टेकवा, रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग, भिडेल इतकंच. आवाज इथे सुरू झाला तर तो रिलीज बेअरिंगचा. मग पेडल पूर्ण दाबून, हँडब्रेक ओढून, गाडी गिअरमध्ये टाका. आता शाफ्ट थांबलाय आणि क्रँक त्याच्याभोवती फिरतोय. चीं-चीं फक्त इथेच येत असेल तर ती पायलट बुशची. तुमच्या वर्णनावरून ती इथलीच वाटते, पण टेकवल्यावर आणि पूर्ण दाबल्यावर यातला फरक तुम्ही लिहिलेला नाही. तो नक्की पाहा.

दुसरी चाचणी रिव्हर्सची. पेडल पूर्ण दाबा, मनात दहा आकडे मोजा, मग रिव्हर्स टाका. त्या काळच्या कित्येक डब्यांत रिव्हर्सला, आणि काहींत पहिल्यालाही, सिंक्रोमेश, म्हणजे गिअर टाकताना वेग जुळवून घेणारी रचना, नसतो. म्हणून घाईने टाकल्यावर होणारी करकर हा दोष नाही. पण दहा आकड्यांनंतरही करकरला, तर शाफ्ट थांबतच नाहीये, कुणीतरी त्याला फिरवतंय. फिरवणारे दोनच: नीट न सुटलेली क्लच प्लेट, किंवा शाफ्टचं टोक धरून ठेवणारा पायलट बुश.

तिसरी गोष्ट, क्लचच्या हायड्रॉलिकमध्ये हवा आहे का. पेडल चार-पाच वेळा भराभर दाबून लगेच गिअर टाका. फरक पडला तर आधी हवा काढा, उगाच गिअरबॉक्स उतरवू नका. गाडी महिनोन्महिने उभी असेल तर क्लच प्लेट गंजाने फ्लायव्हीलला चिकटलेलीही असू शकते. तुमची गाडी नुकती चालत होती, म्हणून ती शक्यता मी बाजूला ठेवतो.

आता त्या अर्ध्या इंचाकडे येऊ. आमच्याकडे याला चार सूत म्हणतात, आणि हे चार सूत कुठे अडले हे नीट वाचता आलं तर निम्मं निदान तिथेच होतं. गिअरबॉक्स पुढे सरकताना क्रम ठरलेला असतो. आधी शाफ्टचं बारीक टोक क्लच प्लेटच्या हबमधून आरपार जातं. मग स्प्लाइन हबच्या स्प्लाइनमध्ये शिरते. त्यानंतर टोक पायलट बुशच्या तोंडाशी येतं. आणि अगदी शेवटी डॉवेल पिना आपापल्या भोकांत जातात. स्प्लाइनचे दाते जुळले नसते तर गिअरबॉक्स दीड-दोन इंच बाहेरच थांबला असता. तुमचा शेवटच्या अर्ध्या इंचाशी थांबला, म्हणजे स्प्लाइन जुळली होती. अडलं ते शाफ्टचं टोक बुशच्या तोंडाशी, किंवा पिना. तुमच्या गाडीची मापं थोडी वेगळी असतील, म्हणून उतरवल्यावर पोलादी पट्टीने मोजा: हाउसिंगच्या चेहऱ्यापासून शाफ्टचं टोक किती पुढे येतं, आणि इंजिनच्या चेहऱ्यापासून बुशचं तोंड किती आत आहे. दोन्हींतला फरक म्हणजे टोक बुशला भिडतं त्या क्षणी उरलेली फट. ती साधारण बारा-तेरा मिलिमीटर निघाली तर दुसरा पुरावा शोधायला नको.

टोक बुशच्या तोंडाशी अडण्याचं रोजचं कारण आहे कोन. गिअरबॉक्स काढला की इंजिनचा मागचा आधार जातो आणि ते मागे कलतं. तुम्ही जॅकवर गिअरबॉक्स सरळ धरलाय, इंजिन मात्र दोन अंशांनी मान टाकून बसलंय. खालची फट कमी आणि वरची जास्त, किंवा उलट. अशा वेळी बोल्ट आवळले की बोल्टाची सगळी ताकद शाफ्टच्या बारीक टोकावर आणि क्लच प्लेटच्या हबवर जाते. टोक बुशच्या कडेला चावतं. पितळी भुकटी निघते, बुशचं तोंड लंबगोल होतं. क्लच प्लेटचा हब आणि तिची चकती यांच्यातली पातळ पोलादी पट्टी वाकते, आणि मग ती प्लेट कितीही मोकळी सोडली तरी एका बाजूने घासत राहते. तुमच्या दोन्ही तक्रारी, अडणारा पहिला गिअर आणि चीं-चीं, इथून सरळ निघतात. गिअरबॉक्स चढवताना मध्येच हात थकून त्याचं वजन काही क्षण शाफ्टवर लटकलं असेल, तरी प्लेटचं हेच होतं. हे डबे तीस-चाळीस किलोंचे असतात. एकट्याने हे काम करू नका, आणि गाडी फक्त जॅकवर ठेवून तिच्याखाली तर मुळीच जाऊ नका, चारही बाजूंनी पक्के स्टँड लावा.

मग गळतीचं काय? शाफ्ट तिरका चालतोय म्हणून सीलही गळतंय, असं वाटणं स्वाभाविक आहे. हिशेब करून पाहू. समजा बेअरिंगपासून शाफ्टचं टोक २०० मिलिमीटर दूर आहे आणि सील बेअरिंगपासून २५ मिलिमीटरवर. टोक ०.२ मिलिमीटर बाजूला ढकललं गेलं, तर सीलजवळ शाफ्ट सरकतो त्याच्या आठव्या भागाने, म्हणजे ०.०२५ मिलिमीटर. चांगल्या सीलची कड एवढं आरामात सोसते. म्हणजे हाउसिंग थोडं सेंटरबाहेर असलं तर पायलट बुश आणि क्लच बोंबलतील, सील सहसा नाही. सील गळतंय तर त्याला स्वतःचं कारण हवं.

हा धडा मला एका गाडीने शिकवला. ती माझ्याकडे आली तेव्हा दुसरीकडे तिचं पुढचं सील तीनदा बदललं गेलं होतं. गिअरही असेच अडत होते. उतरवल्यावर दिसलं, एक डॉवेल पिन नाहीच आणि दुसरी चेपलेली. मला वाटलं, सापडलं सगळं. पिना बसवल्या, बुश आणि क्लच प्लेट बदलली, गिअर सुरेख पडू लागले. ऑइल मात्र पुन्हा टपकलं. मग गिअरबॉक्स उतरवून पुढचा भाग डिझेलने धुतला, हवेने कोरडा केला, त्यावर अंगाला लावायची साधी पावडर भुरभुरवली, आणि ऑइल भरलेला डबा रात्रभर तोंड खाली करून दोन लाकडी ठोकळ्यांवर उभा ठेवला. सकाळी सीलभोवतीची पावडर पांढरीशुभ्र होती. खाली, लेशाफ्टचं टोक जिथे पुढच्या भिंतीत दिसतं, तिथून एक काळसर ओघळ दीड इंच उतरला होता. तीन सीलं विनाकारण गेली होती. तेव्हापासून सील बदलण्याआधी मी पावडर टाकतोच.

तुम्हीही तेच करा. बऱ्याच डब्यांत लेशाफ्टचं टोक बेल हाउसिंगमध्ये उघडं असतं. कव्हरच्या बोल्टांपैकी एखादं भोक आरपार ऑइलपर्यंत गेलेलं असतं, आणि त्याच्या आट्यांना सीलंट लावलं नाही की ऑइल आट्यांतून चालत बाहेर येतं. आणि डब्याच्या वरचा ब्रीदर पाहिला का? धुळीने तो बुजला की गरम झाल्यावर आतला दाब वाढतो आणि ऑइल मिळेल त्या वाटेने निघतं. नवीन सीलही तिथे हरतं. ब्रीदर साफ करायला दोन मिनिटं लागतात. ऑइल पातळीच्या प्लगच्या वर भरलेलं नाही ना, हेही बघा. आणि टपकतंय ते नक्की गिअर ऑइलच आहे ना? त्याला गंधकाचा उग्र वास असतो. तसा वास नसेल, तर ते इंजिनच्या मागच्या सीलमधलं असू शकतं. काही जुन्या डब्यांत इंजिनचंच ऑइल भरायचं असतं, तिथे हा वास उपयोगाचा नाही.

काढलेलं सील फेकून देऊ नका, ते वाचता येतं. भिंगाखाली त्याची कड बघा. कडेवरचा घासलेला चकचकीत पट्टा सगळीकडे सारखा रुंद असेल तर सील शाफ्टच्या मध्यावर होतं. एका बाजूला पट्टा रुंद आणि समोरच्या बाजूला केसाएवढा असेल, तर कव्हर मध्यावर नव्हतं. शाफ्टच गोल फिरत नसेल, म्हणजे तुम्हाला भीती आहे तसा वाकलेला असेल, तर चित्र उलटं दिसतं: सीलची कड चहूबाजूंनी सारखीच घासलेली, आणि शाफ्टवर मात्र घासल्याची खूण एका बाजूला जास्त. दोनशे किलोमीटरमध्ये हे फार ठळक उमटत नाही, पण जुनं सील अजून तुमच्याजवळ असेल तर त्यावर वर्षांचा इतिहास मिळेल. कडेवर एखादी बारीक चीर दिसली, तर बसवताना स्प्लाइनच्या दात्यांनी ती कापली आहे. सील सरकवण्याआधी स्प्लाइनवर पातळ प्लॅस्टिकचा कागद गुंडाळायचा आणि कडेला ऑइल लावायचं, एवढ्याने ते टळतं.

शाफ्टवर सीलच्या जागी नख फिरवा. नख अडलं तर तिथे खाच पडली आहे, आणि नवीन सील त्याच खाचेत बसून गळणार. कव्हरमध्ये जागा असेल तर सील दीड-दोन मिलिमीटर आत किंवा बाहेर बसवा, म्हणजे कड नव्या जागी घासेल. जागा नसेल तर शाफ्टवर चढवायची पातळ पोलादी स्लीव्ह मिळते. तिची भिंत पाव मिलिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे सील तेच चालतं. तुमच्या डब्यात पुढे सील नसून कव्हरच्या आत स्क्रूसारखी खाच असेल, तर हे सगळं सोडून द्या. त्या काळच्या कित्येक गाड्यांत सील नसायचंच. शाफ्ट फिरला की ती खाच ऑइल परत आत ढकलायची. तिथे शाफ्ट आणि कव्हर यांच्यातली बारीक फट हेच सील, आणि कव्हर मध्यावर असणं ही चैन नसून गरज आहे.

कव्हर मध्यावर आणण्यासाठी गिअरबॉक्स नाक वर करून उभा ठेवा. हे महत्त्वाचं आहे, कारण आडवा असताना शाफ्ट स्वतःच्या वजनाने खाली झुकतो आणि तुम्ही कव्हर झुकलेल्या शाफ्टभोवती मध्यावर आणता. उभ्या डब्यात तो सरळ उभा राहतो. कव्हरचे बोल्ट हाताने लावा, कव्हर हलेल इतके सैल. शाफ्ट आणि कव्हरची नळी यांच्या मधल्या फटीत सारख्या जाडीच्या तीन फीलर पट्ट्या (फट मोजायच्या पातळ पोलादी पट्ट्या), एकमेकींपासून सारख्या अंतरावर घाला. मग बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत जा. शेवटी तिन्ही पट्ट्या सारख्याच जोराने ओढून निघाल्या पाहिजेत. काही डब्यांत कव्हर बेअरिंगच्या बाहेरच्या कडीवरच घट्ट बसून आपोआप मध्यावर येतं. तिथे हा खटाटोप नको.

पॅकिंग नवीन टाकलं म्हणालात. जुन्याची जाडी मोजली होती का? समजा बेअरिंग भिंतीच्या ४.१० मिलिमीटर बाहेर आहे आणि कव्हरमधला खळगा ३.९५ खोल. पॅकिंगशिवाय कव्हर बेअरिंगला टेकतं तेव्हा चेहऱ्यांमध्ये ०.१५ ची फट उरते. दाबल्यावर ०.२५ राहणारं पॅकिंग टाकलं, तर बेअरिंगला ०.१० ची मोकळीक मिळते. ०.१० चं पातळ पॅकिंग टाकलं तर कव्हर आधी बेअरिंगवर टेकतं, चेहरे मिटतच नाहीत, बोल्ट आवळताना कव्हर कलतं आणि ऑइल पॅकिंगच्या कडेने बाहेर येतं. बाहेरून ते सीलच्या गळतीसारखंच दिसतं. मोकळीक किती हवी की दाब हवा, हे डब्याडब्याप्रमाणे बदलतं. टेपर बेअरिंग असेल तर गणितच वेगळं असतं आणि तिथे शिम, म्हणजे जाडी जुळवायच्या पातळ चकत्या, अंदाजाने टाकून चालत नाही. तुमच्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधला आकडा घ्या, माझा घेऊ नका.

आता मध्यरेषेचं माप. गिअरबॉक्स उतरवल्यावर आधी दोन्ही पिना जागेवर आहेत का, भोकं लंबगोल झालीत का, ते बघा. मग दोन्ही चेहऱ्यांवरून बोट फिरवा. रंगाचा पोपडा, जुन्या पॅकिंगचा तुकडा, हातोडीने उठलेली कड. हे क्षुल्लक वाटतं, पण हिशेब पाहा: हाउसिंग ४०० मिलिमीटर रुंद, एका कडेला ०.१ मिलिमीटरचा रंग, शाफ्ट २०० मिलिमीटर लांब. तेवढ्या कलाने टोक ०.०५ मिलिमीटर सरकतं. पायलट बुशमधली मोकळीक बऱ्याच गाड्यांत तेवढीच असते. रंगाच्या एका थराने ती संपली. म्हणून बारीक कानस चेहऱ्यावर आडवी, अगदी हलक्या हाताने फिरवा. जिथे चकाकी उठेल तिथे उंचवटा.

बेल हाउसिंग गिअरबॉक्सपासून वेगळं होत असेल, तर डायल गेज, म्हणजे बारीक फरक दाखवणारं घड्याळी मापक, लावा. क्लच काढा, हाउसिंग एकटं इंजिनवर बोल्टांनी पक्कं करा. गेजचा लोहचुंबकी पाया फ्लायव्हीलवर, टोक हाउसिंगच्या मधल्या गोल भोकाच्या आतल्या भिंतीवर. स्पार्क प्लग काढून इंजिन पुढच्या पुलीच्या नटाने, एकाच दिशेने, हळू फिरवा. घड्याळाच्या १२, ३, ६ आणि ९ च्या जागी आकडा लिहा. समजा १२ ला शून्य ठेवलं, ३ ला ०.१०, ६ ला ०.२२, ९ ला ०.१२ आलं. आधी वाचन खरं आहे का बघा: समोरासमोरच्या जोड्यांची बेरीज सारखी यायला हवी. इथे ० आणि ०.२२, तसंच ०.१० आणि ०.१२, दोन्हींची बेरीज ०.२२. वाचन विश्वासाचं आहे. जुळलं नाही तर गेज हललाय किंवा भोकच गोल नाही. आता उभ्या दिशेचा फरक ०.२२, आणि मध्य सरकलाय त्याच्या निम्मा, ०.११. हे 'निम्मं' लोक विसरतात आणि दुप्पट दुरुस्ती करून बसतात. गेजचं टोक आत दाबलं गेलं की अधिक धरत असाल, तर ६ ला आकडा मोठा म्हणजे खालची भिंत जवळ, म्हणजे भोक वर सरकलेलं. त्या काळच्या अमेरिकन गाड्यांसाठी एकूण फरक ०.१३ मिलिमीटर, म्हणजे इंचाच्या पाच हजारांशाच्या आत ठेवायची रीत आहे, आणि मॅन्युअलमध्ये दुसरं काही नसेल तर मीही तीच धरतो. फरक जास्त आला तर चेहरे आणि पिना साफ करून पुन्हा मोजा. माझ्या हातून गेलेल्या बहुतेक गाड्या तेवढ्यानेच सुधारल्या. त्यातूनही राहिलं तर मध्य सरकवणाऱ्या खास डॉवेल पिना असतात.

हाउसिंग गिअरबॉक्सबरोबर अखंड ओतलेलं असेल तर हे माप असं घेता येत नाही. तिथे पिना, चेहरे आणि पायलट बुश यांवरच लक्ष द्या. मागे इंजिन असलेल्या बीटलसारख्या गाडीत तर फ्लायव्हीलच्या मोठ्या नटातच पायलटचं सुई-बेअरिंग असतं, आणि तिथे गिअरबॉक्स जागेवर ठेवून इंजिन सरकवायचं असतं. क्रम तोच राहतो, फक्त हलणारी बाजू बदलते.

तुमचा पायलट बुश मी विचार न करता बदलेन. तो सच्छिद्र कांस्याचा असेल तर कोरडा बसवू नका. बुश अंगठ्यावर उभा धरा, वरपर्यंत इंजिन ऑइल भरा, दुसरा अंगठा वरून घट्ट दाबा. क्षणभरात बुशच्या बाहेरच्या अंगावर घामासारखे बारीक थेंब उमटतील. तेव्हा तो भिजला. बसवल्यावर शाफ्ट घट्ट जातोय म्हणून आतून रीमर किंवा पॉलिश पेपर फिरवू नका, छिद्रं बुजतात आणि काही महिन्यांत तीच चीं-चीं परत येते. मापाचाच दुसरा बुश घ्या. क्लच प्लेट दोन टोकांमध्ये फिरवून कडेचा हेलकावा मोजा. अर्ध्या मिलिमीटरच्या वर गेला तर मी ती प्लेट परत बसवत नाही. इनपुट शाफ्ट वाकलेला निघेल असं मला वाटत नाही, इतक्या जाड पोलादापेक्षा प्लेट आणि बुश आधी हार मानतात. तरी तो डब्यात असतानाच हाताने फिरवून टोकाजवळ गेज लावून खात्री करा.

चढवताना दोन लांब बोल्टांची डोकी कापून, टोकाला हॅकसॉने खाच पाडून, ते वरच्या दोन भोकांत वाट दाखवणाऱ्या बोल्टांसारखे लावा. गिअरबॉक्स त्यांच्यावरून सरकतो आणि त्याचं वजन शाफ्टवर येत नाही. क्लच प्लेट मधोमध आणायला डमी शाफ्ट, म्हणजे इनपुट शाफ्टच्याच मापाचा तात्पुरता दांडा, वापराच, कारण या वेळी तुम्ही क्लच उघडलेला असेल. मागच्या वेळी क्लचला हात लावला नसेल तर प्लेट जागची हललेली नव्हती, तो दोष तुमचा नाही. इंजिनच्या सम्पखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅकने मागचं टोक उचला, दोन्ही चेहरे समांतर दिसेपर्यंत. चौथा गिअर टाकून ठेवा. तो थेट गिअर असल्याने मागची फ्लँज हाताने फिरवली की इनपुट शाफ्टही फिरतो आणि दाते जुळतात. शेवटच्या चार सुतांशी थांबा. वर, खाली, दोन्ही बाजूंना फट मोजा. सारखी नसेल तर जॅक पाव इंच वर किंवा खाली करा, गिअरबॉक्सची शेपटी पकडून हलकेच डोलवा. कोन जुळला की तो 'टक्' आवाज करून स्वतःच बसतो. तो आवाज ऐकल्याशिवाय पान्याला हात लावू नका.

काम झाल्यावर मला चार गोष्टी कळवा: पट्टीने मोजलेली ती फट, घड्याळाच्या चार जागांचे आकडे किंवा हाउसिंग अखंड असल्यास पिनांची अवस्था, जुन्या सीलच्या कडेवरचा पट्टा कसा होता, आणि पावडरमध्ये ओघळ कुठून आला. क्लच प्लेटचा फोटो घेतलात तर हबच्या बाजूने घ्या, घासणाऱ्या बाजूने नको.